कार्बनच्या काट्यावर न मावणारी माणसं

आदिमानवाची कवटी सापडल्याची बातमी आली की शेवटी एक वाक्य हमखास असतं : ‘अवशेष कार्बन चाचणीसाठी पाठवले आहेत.’ कवटी दहा-वीस हजार वर्षांची असेल तर ठीक. ती लाखो वर्षांची असेल, तर पाठवणाऱ्याने टपालखर्च वाचवावा. सोनाराच्या काट्यावर उसाचा ट्रक तोलण्यातला तो प्रकार आहे.

वातावरणाच्या वरच्या थरांत वैश्विक किरणांमुळे सुटलेले न्यूट्रॉन नायट्रोजनवर आदळतात आणि कार्बन-१४ तयार होतो. हवेतून तो झाडांत जातो, झाडांतून जनावरांत आणि आपल्यात. प्रमाण अगदी नगण्य, साध्या कार्बनच्या सुमारे लाख कोटी अणूंमागे एक. जीव आहे तोवर ही आवक चालू राहते. प्राण गेला की बंद. मग उरलेला साठा ५,७३० वर्षांनी निम्मा होतो, आणखी तेवढ्याच वर्षांनी पाव. शिकागो विद्यापीठातल्या विलर्ड लिबी यांनी वय आधीच ठाऊक असलेल्या जुन्या लाकडांवर, त्यात इजिप्तच्या थडग्यांतलंही लाकूड होतं, हे गणित पारखून घेतलं आणि १९४९ मध्ये जगापुढे मांडलं. १९६० चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं ते यासाठीच.

शेतीवाडी करणाऱ्या माणसांच्या इतिहासाला ही पद्धत म्हणजे वरदान. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावची ताम्रपाषाणयुगीन वस्ती साधारण इसवी सनपूर्व १६०० ते ७०० या काळातली, हे आपण ठामपणे सांगतो ते कार्बनच्या जोरावर. अशा अनेक उत्खननांचे नमुने मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत मोजले गेले.

पण मागे जावं तसा हिशेब अवघड होतो. ५७ हजार वर्षांत दहा वेळा निम्मं होऊन मूळ साठ्याचा हजारावा हिस्साही उरत नाही. पन्नास हजारांच्या आसपास ही पद्धत हात टेकते. त्यातही खरा घात करते ती भेसळ. अतिप्राचीन, कार्बन-१४ पार संपलेल्या हाडात आजचा कार्बन फक्त एक टक्का मिसळला, तरी यंत्र त्याचं वय ३७ हजार वर्षं दाखवेल. मातीतून झिरपलेलं पाणी, झाडाची मुळं, संग्रहालयात हाड टिकावं म्हणून चोपडलेलं सरस, एवढंही त्याला पुरतं. क्रोएशियातल्या विंडिया गुहेतल्या निअँडर्थल हाडांचं वय आधी २८-२९ हजार वर्षं सांगितलं गेलं होतं. म्हणजे आधुनिक माणूस युरोपात आल्यावरही निअँडर्थल तिथे हजारो वर्षं टिकून होते, अशी मोठी कहाणी त्यावर उभी राहत होती. २०१७ मध्ये हाडातल्या प्रथिनातलं एकच अमिनो आम्ल वेगळं काढून मोजलं, तेव्हा वय ४० हजारांच्या पलीकडे गेलं. कहाणीचा पायाच सरकला.

मग लाखो वर्षांपूर्वीच्या ‘लूसी’ या आदिमानवाच्या सांगाड्याचं वय आलं कुठून? १९७४ मध्ये इथिओपियातल्या हदर इथे सापडलेल्या या सांगाड्याजवळच्या थरात ज्वालामुखीची राख होती. खडकातलं पोटॅशियम-४० अतिशय सावकाश आर्गॉन वायूत बदलतं. त्याचं अर्धायुष्य सव्वाशे कोटी वर्षांचं. तप्त रसातला आर्गॉन उडून जातो आणि स्फटिक थंड झाले की नव्याने साठू लागतो. तोच मोजून लूसीला सुमारे ३१ लाख ८० हजार वर्षं दिली गेली. तिच्या हाडाचं वय कोणी काढलेलं नाही, शेजारच्या राखेचं काढलंय. बातम्यांत हा फरक बहुधा गाळला जातो आणि माझ्या मते तोच सगळ्यांत महत्त्वाचा आहे. टांझानियातल्या ओल्डुवाई घळीत मेरी लीकी यांना १९५९ मध्ये सापडलेल्या कवटीला लुई लीकी सुमारे सहा लाख वर्षं देत होते. १९६१ मध्ये तिथल्या राखेने साडेसतरा लाख सांगितली आणि मानवाच्या उत्क्रांतीचा काळ एका झटक्यात जवळपास तिप्पट लांबला.

राखसुद्धा शेवटचा शब्द नसते, याचं उदाहरण जुन्नर तालुक्यात आहे. बोरी गावाजवळ कुकडी नदीच्या काठाला ज्वालामुखीच्या राखेचा थर दिसतो, आणि त्याच परिसरात अश्मयुगीन हातकुऱ्हाडी मिळाल्या आहेत. ही राख तीन हजार किलोमीटरांहून दूर, सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीतून उडून आलेली. १९८९ मध्ये पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने तिचं वय १४ लाख वर्षं आलं. १९९५ मध्ये सुधारित आर्गॉन पद्धतीने ६ लाख ७० हजार. इतर संशोधकांनी राखेतल्या काचकणांची रासायनिक घडण तपासली, आणि ती टोबाच्या सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाशी जुळते असं सांगितलं. त्यांचं म्हणणं, राखेत नदीने आणलेले जुन्या खडकांचे कण मिसळले, म्हणून आर्गॉनचं वय फुगलं. दुसरी बाजू म्हणते, मग हातकुऱ्हाडींच्या जुन्या धाटणीचं काय? त्यावरही उत्तर आहेच : नदी हत्यारंही वाहून आणते. भेसळीचा घोळ इथेही, फक्त कार्बनऐवजी आर्गॉनचा.

बोरीचा हा वाद कार्बनने मिटणारा नाही. तिन्हींतलं सगळ्यांत धाकटं वय, ७५ हजार, तेही त्याच्या आवाक्याबाहेर आहे.