तळघरातल्या माणसाची मोजणी

टोरोंटोच्या वायव्येस वसलेल्या ब्रॅम्प्टन शहरात आमच्यापैकी अनेकांचा पहिला पत्ता बेसमेंटचाच होता. छताशी एक अरुंद खिडकी, हिवाळ्यात तीही बर्फाने झाकलेली. भाडे परवडत होते, म्हणून कोणी तक्रार केली नाही.

८ जुलै २०१३ रोजी शहराला लागूनच असलेल्या पिअर्सन विमानतळावर १२६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला पडलेले ९४४ मिलिमीटर अनुभवलेल्या मुंबईकराला हा आकडा किरकोळ वाटेल. परंतु डांबर आणि काँक्रीटने झाकलेल्या उपनगरात पाणी मुरायला जागा नसते. वाहिन्या तुडुंब भरल्या की सांडपाणी उलटे फिरते आणि घरातील सर्वांत खालच्या जाळीतून, म्हणजे तळघराच्या फरशीतून, वर येते. आमच्यातील एका कुटुंबाची पुस्तके, गाद्या, प्रमाणपत्रे अशीच एका रात्रीत गेली. घरमालकाच्या विम्यात भाडेकरूचे सामान धरलेले नसते, हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळले.

शहर पुराला नवखे नाही. मार्च १९४८ मध्ये एटोबिको क्रीकचे पाणी बाजारपेठेत शिरले. त्यानंतर तो प्रवाहच वळवून काँक्रीटच्या पात्रात घालण्यात आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये क्रेडिट नदीत बर्फ तुंबून चर्चव्हिलच्या रहिवाशांना घरे सोडावी लागली. २०१९ मध्ये नगर परिषदेने हवामान आणीबाणी जाहीर केली. नदीकाठाचे संरक्षण, वृक्षलागवड ही कामे आवश्यकच आहेत. तथापि पूररेषेचा नकाशा नदीकाठ दाखवतो, फरशीतून वर येणारे पाणी दाखवत नाही. आणि त्या फरशीवर कोण झोपते, हे तर मुळीच नाही.

गावकुसाबाहेरची सखल जागा कोणाच्या वाट्याला येत असे, हे आपल्या वाचकांना सांगावे लागत नाही. बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखाते सांभाळताना दामोदर आणि महानदी खोऱ्यांच्या नियोजनाचा पाया घातला. नोव्हेंबर १९४५ च्या कटक परिषदेत त्यांनी केवळ बांध घालून पुराशी लढण्याची जुनी दृष्टी नाकारली आणि पाणी साठवून ते लोकांच्या उपयोगी आणण्याचा आग्रह धरला. नियोजन कोणासाठी, हा प्रश्न त्यात आधी होता.

येथे तो प्रश्न अवघड होऊन बसला आहे. नोंदणी नसलेल्या बेसमेंटचा भाडेकरू पालिकेकडे गेला, तर खोलीच बंद होण्याची भीती असते. म्हणून आमची मागणी आहे की, नोंदणी करताना कोणालाही बेघर करू नये. उलटे पाणी रोखणारी झडप भाड्याच्या घरांत सक्तीची व्हावी. पुराचा इशारा पंजाबी, हिंदी, मराठीतही मिळावा.

यंदाच्या भीमजयंतीला आम्ही एक वही फिरवली. पाऊस वाढल्यास रात्री कोणाला फोन करायचा, एवढेच त्यात लिहायचे होते. नावे पुष्कळ आली. पत्त्याचा रकाना मात्र अनेकांनी कोरा ठेवला.