लघवीच्या रिपोर्टवरचे ‘प्लस’ काय सांगते?

रिपोर्टवर ‘शुगर निल’ लिहून आले की घरात लगेच म्हटले जाते, ‘साखर नाही, सुटलो!’ इथेच आपण फसतो. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मगच ती लघवीत उतरू लागते. मधुमेह मात्र उपाशीपोटी १२६ पासूनच धरतात. म्हणजे १५० साखर असलेल्या माणसाचीही लघवी ‘निल’ येऊ शकते. बाबासाहेबांना मधुमेह होता, हे आपण सारे जाणतो. त्या काळी बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात लघवीचे आठ थेंब टाकून उकळत. साखर असली की निळ्याचा हिरवा, मग पिवळा, फारच असली तर विटकरी रंग होई. आता रक्ताची तपासणी सोपी झाली आहे. मधुमेहासाठी रक्तच तपासून घ्यावे.

आज बहुतेक ठिकाणी पट्टी वापरतात. पट्टीवरच्या प्रत्येक चौकोनात वेगळे रसायन असते. लघवीत बुडवून ठरलेल्या सेकंदांनी तिचा रंग डबीवरच्या रंगांशी जुळवतात. जितका रंग बदलला तितके ‘प्लस’.

आम्हाला सर्वांत जास्त काळजी वाटते ती अल्ब्युमिनची. हे रक्तातले प्रथिन. चांगले मूत्रपिंड ते सहसा गळू देत नाही. ताप, अंगमेहनत किंवा अंगावरून जाणारे पांढरे पाणी मिसळल्यानेही एखादा प्लस येतो, म्हणून तपासणी पुन्हा करतात. पुन्हा पुन्हा येत असेल, आणि त्यातून मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर मूत्रपिंडाला इजा होत असल्याची ती खूण असते. त्या वेळी काहीच दुखत नाही, हीच अडचण.

गरोदर सुनेचे, लेकीचे वेगळे. पाचव्या महिन्यानंतर अल्ब्युमिन प्लस आणि रक्तदाब १४०/९० किंवा जास्त असेल, तर ‘पुढच्या तपासणीला सांगू’ म्हणू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. डोके ठणकणे, डोळ्यांपुढे काजवे चमकणे, पोटात वरच्या बाजूला दुखणे यांपैकी काही असेल तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. पुढे झटके येऊ शकतात. आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो.

नायट्राइट किंवा पस सेल्स आल्या की बहुधा जंतूंचा संसर्ग असतो. भातलावणीत दिवसभर चिखलात उभ्या राहणाऱ्या बाया आडोसा नाही म्हणून पाणीच पीत नाहीत, लघवी दाबून धरतात. मग उन्हाळी लागते. धन्याचे पाणी प्या, पण सोबत ताप, थंडी, कंबरदुखी असेल तर त्यावर थांबू नका. गरोदरपणात जळजळ नसली तरी या संसर्गावर औषध घ्यावेच लागते.

आता नमुन्याचे. राजगडाच्या पायथ्याच्या पालीहून वेल्ह्याला जायचे म्हणून पुष्कळजण पहाटेच औषधाच्या जुन्या बाटलीत लघवी भरून पिशवीत ठेवतात. दोन तासांपेक्षा जास्त वेळ ती उन्हात, गाडीत राहिली की जंतू वाढतात, साखर खाऊन टाकतात आणि रिपोर्ट खोटा येतो. नमुना तिथेच, त्यांनी दिलेल्या डबीत द्यावा. आधी जागा पाण्याने धुवावी, पहिली धार सोडून मधली घ्यावी. पाळी चालू असेल तर आधीच सांगावे, नाहीतर रिपोर्टवर नुसतेच ‘रक्त प्लस’ दिसते.