गोरिलांचे नवे बिऱ्हाड

बंगळूरच्या व्हाइटफील्डमध्ये नोकरीनिमित्त स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आता थोडीथोडकी नाहीत. अशा एखाद्या घरातील मंडळी सुटीच्या दिवशी पहाटेच उठून, दशम्या-चटणीचा डबा बांधून म्हैसूरचे प्राणिसंग्रहालय पाहावयास निघतात. हत्ती होतो, जिराफ होतो, आणि मग मुले हट्ट धरतात ती गोरिलाचा. आवारापाशी येऊन पाहावे तर समोर गवत, ओंडके आणि झाडे! पाच मिनिटे होतात, दहा होतात. "बाबा, गोरिला कुठे आहे?" बाबांनाही ते ठाऊक नसते. तिकिटाचे पैसे वाया गेले, असे कोणीतरी पुटपुटते आणि मंडळी पुढच्या पिंजऱ्याकडे वळतात.

न दिसलेल्या त्या गोरिलाची बाजू आज आपणांपुढे मांडावयाची आहे.

व्हाइटफील्डचा आणि म्हैसूरच्या या संग्रहालयाचा एक जुना ऋणानुबंध आहे. 1882 साली अँग्लो-इंडियन आणि युरेशियन कुटुंबांच्या वसाहतीसाठी सुमारे 3,900 एकर जमीन ज्यांनी दिली, त्याच चामराजेंद्र वडियार महाराजांनी 1892 साली म्हैसूरचे प्राणिसंग्रहालय स्थापन केले. एकीकडे माणसांना नवे घर मिळाले आणि दुसरीकडे प्राण्यांना. फरक एवढाच, की प्राण्यांना कोणी विचारले नव्हते.

या संग्रहालयात पोलो नावाचा एक गोरिला होता. 1995 साली तो आयर्लंडमधील डब्लिनहून आला आणि 2014 साली येथेच मरण पावला. भारतातील एकुलता एक गोरिला म्हणून त्याची ख्याती होती. परंतु त्या 'एकुलता एक' या शब्दांतच त्याची सारी व्यथा सामावलेली होती. कळपात राहणाऱ्या या प्राण्याने आयुष्याची अनेक वर्षे स्वजातीयाचे तोंडही न पाहता काढली. त्याच्यामागे सात वर्षे या देशात गोरिला नव्हता. मग ऑगस्ट 2021 मध्ये जर्मनीहून थाबो आणि डेंबा हे दोन नर आले. थाबो चौदा वर्षांचा, डेंबा आठ वर्षांचा, आणि दोघे भाऊ. त्यांच्या आवारासाठी इन्फोसिस फाउंडेशनने अर्थसाह्य केले होते.

मादीवाचून दोन नर कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येईल. गोरिलांच्या कुटुंबात बहुधा एकच प्रौढ नर असतो. वयात आल्यावर त्याच्या पाठीवर रुपेरी केस उमटतात. त्याच्याभोवती काही माद्या आणि पिले असतात. वाढत्या वयाचे नर यथाकाल घर सोडतात. काही एकटे भटकतात, काही आपापसांत टोळी करून राहतात. नर-मादी सारख्याच संख्येने जन्मास येतात. तेव्हा प्रत्येक नराला कुटुंब मिळणे संग्रहालयांतही शक्य नसते. उरलेल्यांना एकेकटे कोंडण्यापेक्षा दोघा भावांनी एकत्र राहावे, हे केव्हाही बरे.

आता नव्या जागेत येणे म्हणजे काय, ते पाहू. आपण बिऱ्हाड हलविले तर चार दिवस रात्री दिव्याचे बटण सापडत नाही. गोरिलाचे वजन दीडशे किलोच्या घरात असले, तरी त्याच्या मनाची अवस्था याहून वेगळी नसते. पेटाऱ्यातून उतरल्यावर त्याला प्रथम झोपण्याच्या बंद खोलीत ठेवतात. तेथला वास, आवाज आणि रखवालदाराच्या पावलांची चाल ओळखीची झाली म्हणजे मग बाहेरचे दार उघडतात. आणि बहुधा तो बाहेर येतच नाही! दारात बसतो, हात पुढे करून गवताला स्पर्श करतो, हात मागे घेतो. ज्याने जन्मभर फरशीच पाहिली त्याला गवताचा भरवसा कसा वाटावा? बाहेर पडला तरी पहिले काही दिवस भिंतीला पाठ लावून कडेकडेनेच फिरतो.

या बाबतीत अमेरिकेतील अटलांटा येथील विली बी. या गोरिलाची हकीकत सांगण्यासारखी आहे. 1961 साली तो तेथे आला तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा होता. त्यानंतर सत्तावीस वर्षे तो सिमेंटच्या पिंजऱ्यात एकटाच राहिला. सोबतीला लोंबकळणारे एक टायर आणि एक दूरचित्रवाणी संच! जन्म आफ्रिकेच्या अरण्यातला आणि करमणूक पडद्यावरची. ही कल्पना ज्यांना सुचली त्यांचा हेतू दयेचाच होता, हे मला अधिक खेदजनक वाटते. 1984 च्या सुमारास त्या संग्रहालयाच्या दुरवस्थेचा देशभर बोभाटा झाला, नवे संचालक आले, आणि 1988 साली विली बी. मोकळ्या, झाडीच्या आवारात आला. तीस वर्षांच्या या प्रौढाला आपल्या जातीच्या रीतिभाती आता काय कळणार, अशी धास्ती वाटणे साहजिक होते. पण त्याला सोबती मिळाले, तो रुळला, आणि 1994 साली त्याला पहिली कन्या झाली. पुढे आणखी चार अपत्ये झाली. 2000 साली तो वारला तेव्हा हजारो नागरिक शोकसभेला जमले होते.

अशी आवारे बांधण्याची कल्पना मूळची सिएटलची. तेथील वुडलंड पार्क प्राणिसंग्रहालयाने 1979 च्या सुमारास गोरिलांसाठी दाट झाडीचे आवार उघडले. रवांडाच्या डोंगरांत गोरिलांचा अभ्यास करणाऱ्या डायन फॉसी यांचा सल्ला त्यासाठी घेतला होता. प्राणी मध्ये आणि माणसे भोवती, ही जुनी मांडणी त्यांनी मोडली. प्रेक्षकानेच अरण्यात शिरावे आणि प्राण्याने वाटेल तेव्हा दिसावे, असा तो बेत होता. आपल्याकडे पुण्याच्या पेशवे पार्कातील अरुंद पिंजरे ज्यांना आठवतात, त्यांना कात्रजच्या विस्तीर्ण आवारात याच विचाराचे पाऊल दिसेल.

अर्थात चार झाडे लावली म्हणजे अरण्य होत नाही. रानातला गोरिला दिवसाचा मोठा भाग पाने, देठ आणि फळे शोधून खाण्यात घालवितो आणि रोज संध्याकाळी डहाळ्या वाकवून नवा बिछाना करतो. संग्रहालयात खाणे दोन वेळा ताटात आले, की उरलेला दिवस खायला उठतो. मग तो खाल्लेले ओकून पुन्हा खातो, अंगावरचे केस उपटतो. म्हणून जाणते रखवालदार भाजीपाला आवारभर विखरून ठेवतात, काही ओंडक्यांच्या फटींत दडवितात आणि बिछान्यासाठी पेंढा देतात. आणि लपावयास जागा हवीच. गोरिलांच्या रीतीत टक लावून पाहणे म्हणजे आव्हान देणे होय. दिवसभर शेकडो डोळे अंगावर रोखलेले असताना आडोसा नसेल, तर त्याने शांत राहावे कसे? 2007 साली हॉलंडमधील रॉटरडॅम येथे बोकितो नावाचा नर खंदक ओलांडून बाहेर आला आणि त्याने एका स्त्रीला जबर जखमी केले. ती नेहमी येऊन त्याच्याकडे पाहत असे, हसत असे. तिला ती मैत्री वाटे. त्यानंतर तेथे प्रेक्षकांना एक गमतीचा कागदी चष्मा वाटण्यात आला. त्यावर दुसरीकडे पाहणारे डोळे छापलेले होते.

हे आवार आफ्रिका नव्हे, हेही लपविण्यात अर्थ नाही. गॅबन, कॅमेरून, काँगो येथील अरण्यांत गोरिलांची जात शिकार, वृक्षतोड आणि एबोलाच्या साथींमुळे अत्यंत धोक्यात आली आहे. संग्रहालयात जन्मलेल्याला त्या रानात नुसते सोडून दिले तर तो तगेल, याचा भरवसा नाही. तेव्हा जे येथे आहेत, त्यांचे दिवस सुखाचे जावेत, एवढे तरी आपल्या हाती आहे.

पुढल्या खेपेस म्हैसूरला जाल तेव्हा मंगळवार टाळा; त्या दिवशी संग्रहालय बंद असते. घरात कोणाला सर्दी-पडसे असेल तर बेत पुढे ढकला, कारण आपले विकार गोरिलांना जडतात. 2021 च्या जानेवारीत अमेरिकेतील सॅन डिएगो येथे त्यांना कोविडही झाला होता. मुलांना छाती बडवून दाखवू देऊ नका. आवारापाशी गेल्यावर अर्धा तास स्वस्थ बसा आणि ओंडक्यामागच्या सावलीकडे अधूनमधून, ओझरते पाहा. एखादी फांदी हलेल, काळा हात पुढे येईल, पाला उचलून मागे जाईल. कदाचित त्या दिवशी तेवढेच दिसेल.