जोर कमी, नेम जास्त

क्लच प्लेट म्हणजे हातभर मोठीही नसलेली चकती. तिच्यापर्यंत पोचायला मात्र अर्धी गाडी खाली उतरवावी लागते. न्यू जर्सीत आमच्या गॅरेजमध्ये जुनी माझदा मियाटा आहे. १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात पहिल्यांदा दिसलेलं हे मॉडेल. सीट दोनच, इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना. अलीकडे वरच्या गिअरमध्ये पाय दाबला की इंजिन ओरडायचं, वेग मात्र वाढायचा नाही. प्लेट झिजल्याची ही खूण.

गाडी चार भक्कम स्टँडवर घेतली. बॅटरीची वायर, गिअरचा दांडा, प्रोपेलर शाफ्ट, स्टार्टर एकेक करून काढले. या गाडीत गिअरबॉक्सची शेपटी आणि डिफरेन्शियल यांना जोडणारी ॲल्युमिनियमची लांब तुळई असते. ती काढली की शेपटी खाली झुकते, म्हणून आधीच जॅक लावायचा. इंजिन मागे कलल्यामुळे वरचे अडचणीतले बोल्टही लांब एक्स्टेन्शनच्या टप्प्यात येतात.

जुन्या प्लेटचं अस्तर रिव्हेटपर्यंत घासलं होतं. फ्लायव्हीलवर तापल्याचे निळसर डाग होते. ते मशीन शॉपमधून सपाट करून आणलं. एवढं उघडल्यावर रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑइल सीलही बदललेलं बरं. सुट्या भागांचा खर्च थोडा, पुन्हा उघडण्याचा व्याप मोठा.

नवी प्लेट प्रेशर प्लेटचे बोल्ट आवळेपर्यंत मोकळी असते. प्लॅस्टिकचा नकली शाफ्ट घालून ती मधोमध धरायची आणि समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत जायचं. नकली शाफ्ट अलगद बाहेर आला, की केंद्र जुळलं.

आता तीस-पस्तीस किलोंचा गिअरबॉक्स. जात्याच्या मधल्या खुंट्यासारखा त्याचा शाफ्ट प्लेटच्या मधल्या दातेरी भोकातून थेट पायलट बेअरिंगमध्ये जायला हवा. शाफ्टच्या दात्यांना ग्रीसचा नुसता हात. जास्त झालं तर उडून प्लेटवर जातं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांमधली फट चारही बाजूंनी सारखी आहे का, हे टॉर्चने पाहत जॅक बोटभर वर-खाली करायचा. दाते अडले तर गिअर टाकून मागचं टोक हाताने किंचित फिरवायचं. फट मिटत नाही म्हणून बोल्ट आवळून ओढायचा मोह इथेच होतो. तसं केलं तर गिअरबॉक्सचा भार प्लेटवर येऊन ती वाकते, नाहीतर ॲल्युमिनियमचा कान तुटतो. रेघ जुळली की गिअरबॉक्स हाताच्या दाबानेच आत बसतो. बोल्ट फक्त धरून ठेवायला.

शेवटी तुळईची उंची मोजून ती आवळली, ७५डब्ल्यू-९० ऑइल भरलं. नवी प्लेट पहिले काहीशे किलोमीटर गावातल्या रहदारीत, हलक्या पायाने मुरवायची असते. स्पोर्ट्स कारवाल्याला बोल्ट काढण्यापेक्षा हेच जड जातं.