फायरमनची भरती: निकष सैल झाले की नेमके झाले?

फायरमनच्या भरतीचे निकष बदलले की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "झालं, पातळी खाली आणली!" ही भीती मला फालतू वाटत नाही. घर पेटलेलं असताना जिना चढून येणारा माणूस मध्येच दमला, तर जीव आपला जातो. म्हणून आज न्यू यॉर्कबद्दल बोलू. तिथे हा वाद कोर्टात गेला.

पहिला वाद शारीरिक चाचणीचा. १९७७ साली तिथल्या अग्निशमन दलाची भरती महिलांना खुली झाली. जवळजवळ ९० जणींनी शारीरिक चाचणी दिली. एकही पास झाली नाही. त्यांच्यातल्या ब्रेंडा बर्कमन कोर्टात गेल्या. १९८२ मध्ये निकाल लागला, की या चाचणीचा प्रत्यक्ष कामाशी संबंध शहराला सिद्ध करता आलेला नाही. नवी चाचणी झाली आणि त्याच वर्षी सुमारे ४० महिला दलात आल्या.

दुसरा वाद लेखी परीक्षेचा. १९९९ आणि २००२ च्या परीक्षांमुळे कृष्णवर्णीय आणि लॅटिनो उमेदवार मोठ्या प्रमाणात मागे राहिले. ज्या गुणांवर त्यांना मागे ठेवलं, त्यावरून चांगला फायरमन ओळखता येतो का? २००९ मध्ये कोर्टाने या परीक्षा भेदभाव करणाऱ्या ठरवल्या. २०१४ मध्ये शहराने सुमारे ९ कोटी ८० लाख डॉलरची तडजोड केली.

मग आता सगळं सोपं झालं का? अजिबात नाही. न्यू यॉर्कसह अमेरिकेतली अनेक दलं आज आठ टप्प्यांची चाचणी घेतात. अंगात ५० पौंडांचं, म्हणजे साधारण २३ किलोचं जॅकेट. ते घालून जिना चढायचा, पाण्याचा होज ओढायचा, शिडी उभी करायची, माणसाएवढा जड पुतळा ओढत न्यायचा. वेळ १० मिनिटं २० सेकंद. बाई असो वा पुरुष, वजन तेच, वेळ तीच.

म्हणजे बघा, पातळी उतरली नाही, मोजपट्टी बदलली. आपल्याकडच्या जाहिरातींतही उंची, छाती, धावण्याची वेळ असे रकाने असतात. प्रत्येक रकान्याला मी एकच प्रश्न विचारेन: आगीच्या जागी हे कशासाठी लागतं? उत्तर असेल तर निकष कडकच ठेवा. नसेल, तर तो रकाना कामाचा माणूस दाराबाहेर उभा करतोय.

भेटू पुढच्या भागात.