नकाराचा मान
किशोरवयीन मुलामुलींना नात्यांतील आदर कोण शिकवणार?

पुणे–सोलापूर लोहमार्गावरील जेऊर हे करमाळा तालुक्यातील गाव. एका बाजूला उजनीचा जलाशय, आसपास ऊस आणि केळीचे मळे, आणि त्या शेतीच्या आधाराने चालणारी बाजारपेठ. या गावाला अलीकडच्या काळात आणखी एक ओळख लाभली. दिग्दर्शक नागराज मंजुळे हे जेऊरचे. त्यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. त्याचे चित्रीकरण मोठ्या प्रमाणावर करमाळा तालुक्यातच झाले होते. त्याआधीच्या ‘फँड्री’तही शाळकरी वयातील एका मुलाची मूक ओढ होती.

‘सैराट’ची गाणी आपल्या घरांतील मुलांनीही म्हटली, आपल्या वरातींतही ती वाजली. मात्र चित्रपटगृहातून घरी आल्यावर आपल्यापैकी किती आईवडिलांनी मुलांना जवळ बसवून विचारले असेल, की ‘तुला यात काय पटले, काय पटले नाही?’ दोन्ही चित्रपटांतील मुलांपाशी मित्र होते, धाडस होते, स्वप्ने होती. मनातले निर्भयपणे बोलता येईल असे घर तेवढे नव्हते. ‘सैराट’चा शेवट पाहून सारा महाराष्ट्र सुन्न झाला, पण त्या शेवटाची सुरुवात घरातील अबोल्यापासून होते, हे आपण फारसे ध्यानात घेतले नाही.

सांगण्याची किंमत कोण मोजते?

आपल्या व्यापारी कुटुंबांतील एक नित्याचा प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. नववी-दहावीतील मुलगी शिकवणीहून घरी येते आणि आईला सांगते, की एक मुलगा रोज मागे मागे येतो. त्यानंतर काय घडते? आई घाबरते, वडील पेढीवरून तडक घरी येतात. दुसऱ्या दिवसापासून मुलीची शिकवणी बंद होते, मोबाइल काढून घेतला जातो, मैत्रिणींकडे जाणे थांबते. बारावीनंतर पुण्याला पाठवण्याचा विचार मागे पडतो आणि एखाद्या ‘चांगल्या स्थळाची’ चर्चा सुरू होते. त्या मुलाच्या दिनक्रमात मात्र तसूभरही फरक पडत नाही.

यातून मुलगी एकच धडा शिकते : खरे सांगितले की शिक्षा आपल्यालाच होते. पुढच्या वेळी ती सांगत नाही. तिची धाकटी बहीणही सांगत नाही. ज्याला आपण मुलीचे रक्षण समजतो, त्यानेच तिच्या बोलण्याचे दार बंद होते. संकट गंभीर होते तेव्हा ते घरात सर्वांत शेवटी कळते.

मुलाचीही कथा फारशी वेगळी नाही. त्याला हिशेब शिकवला जातो, मालाची पारख शिकवली जाते, ग्राहकाशी कसे बोलावे हे शिकवले जाते. पण मुलीशी कसे बोलावे, तिने नकार दिला तर तो कसा स्वीकारावा, मित्र एखादीची टिंगल करीत असतील तर आपण काय करावे, हे त्याला कोणीही शिकवत नाही. ते तो मोबाइलच्या पडद्यावरून आणि टोळक्यातील बढायांवरून शिकतो. मग दोष एकट्या त्याचा कसा मानावा?

शाळांनी काय करून पाहिले?

या विषयाला महाराष्ट्रात विरोधही झाला आहे. केंद्राच्या किशोरावस्था शिक्षण कार्यक्रमाविरुद्ध २००७ साली राज्यात मोठा गदारोळ झाला आणि शाळांतील लैंगिक शिक्षण थांबवण्यात आले. संस्कृतीला धक्का बसेल, मुले नको त्या वयात नको ते शिकतील, अशी भीती होती. त्या भीतीत पालकांची काळजीच होती. तथापि पुढे प्रत्येक हातात मोबाइल आला आणि ‘नको ते’ सारे मुलांपर्यंत पोहोचले. पोहोचली नाही ती केवळ जाणत्यांची सोबत.

दरम्यान मुंबईत एक विचारपूर्वक प्रयोग झाला. २००८ पासून महापालिकेच्या ४५ शाळांमध्ये इंटरनॅशनल सेंटर फॉर रिसर्च ऑन विमेन, टाटा समाजविज्ञान संस्था आणि कोरो या संस्थांनी सहावी-सातवीच्या मुलामुलींसाठी समतेचा अभ्यासक्रम राबवला. काही शाळांत वर्गामध्ये सलग गटचर्चा, खेळ व नाट्यप्रवेश घेतले आणि जोडीला शालेय मोहीम ठेवली. काही शाळांत केवळ मोहीम ठेवली. उरलेल्या शाळा तुलनेसाठी होत्या. घरातील कामे कोणाची, मारणे म्हणजे केवळ हाताने मारणे काय, चिडवणे आणि छळणे यांतील सीमा कोणती, अशा प्रश्नांवर मुले बोलू लागली. जेथे वर्गात सलग संवाद झाला, तेथे मुलांच्या विचारांत अधिक ठळक बदल दिसला. फलक, घोषणा आणि एका दिवसाचे व्याख्यान यांपेक्षा नियमित संभाषण अधिक खोल जाते, हा त्याचा बोध.

मुलग्यांबरोबर काम करणारी ‘मावा’ ही मुंबईची संस्था १९९३ पासून तरुणांना स्त्रियांवरील हिंसेविरुद्ध उभे करीत आहे. हा प्रश्न मुलींना सावध करून सुटणारा नाही. मुलांना सुजाण केल्यावाचून तो अर्धाच राहतो, ही त्यांची भूमिका आहे.

आपल्या समाजापुरते बोलायचे तर भारतीय जैन संघटनेचे कार्य सर्वांना परिचित आहे. शांतिलाल मुथ्था यांनी १९८५ मध्ये स्थापन केलेल्या या संघटनेने १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी परिसरातील मुलांच्या शिक्षणाचा भार उचलला. तिचा ‘मूल्यवर्धन’ हा कार्यक्रम २००९ मध्ये बीड जिल्ह्यातील शाळांतून सुरू झाला आणि पुढे राज्य शासनाच्या साहाय्याने महाराष्ट्रभर पोहोचला. स्वातंत्र्य, समता, न्याय, बंधुता ही राज्यघटनेतील मूल्ये मुलांनी पाठ न करता एकत्र खेळून, चर्चा करून अंगी बाणवावीत, ही त्यामागील दृष्टी. ‘स्मार्ट गर्ल’ या कार्यशाळांत किशोरवयीन मुलींशी स्वतःची ओळख, मैत्री आणि मोह, मासिक पाळी, आत्मसंरक्षण, निर्णयक्षमता यांविषयी मोकळा संवाद होतो आणि पालकांनाही त्यात सहभागी करून घेतले जाते. ही वाट आपल्यातूनच निघालेली आहे. आता याच तोडीचा, याच नेटाने चालणारा संवाद आपल्या मुलग्यांशीही गावोगावी व्हायला हवा.

शासनाने २०२२ मध्ये प्रत्येक शाळेत ‘सखी सावित्री’ समिती स्थापन करण्याचा निर्णय केला. आपल्या पाल्याच्या शाळेत ही समिती आहे काय, तिची बैठक होते काय, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक पालकाला आहे. देणगीचा धनादेश देताना हा एक प्रश्नही विचारला, तर समिती कागदावरून वर्गात उतरण्यास मदत होईल.

कायदाही मुलांना सांगावा. १८ वर्षांखालील मुलगा असो वा मुलगी, लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाचा २०१२ चा कायदा, म्हणजेच ‘पॉक्सो’, दोघांनाही लागू आहे. त्यात अल्पवयीनाची संमती ग्राह्य धरली जात नाही आणि अत्याचार माहीत असून न कळवणे हाही अपराध आहे. एखाद्या स्त्रीने नापसंती स्पष्ट केल्यावरही तिचा वारंवार पाठलाग करणे हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. अल्पवयीनांची अश्लील चित्रे पुढे पाठवणे माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गंभीर गुन्हा ठरतो. ‘गंमत म्हणून पाठवले’ हा बचाव होऊ शकत नाही.

आपल्या घरातील ठेव

तथापि केवळ कायद्याच्या धाकाने आदर उपजत नाही. त्यासाठी आपल्याला दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या परंपरेतच त्याची ठेव आहे.

श्वेतांबर परंपरेतील उत्तराध्ययन सूत्रात राजीमती आणि रथनेमी यांची कथा येते. नेमिनाथांच्या विरक्तीनंतर राजीमतीनेही दीक्षा घेतली. रैवतक पर्वतावर जाताना पावसाने तिची वस्त्रे भिजली आणि ती एका गुहेत थांबली. तेथे नेमिनाथांचे बंधू, मुनी रथनेमी, आधीपासूनच होते. त्यांचे मन ढळले. त्यांनी तिच्यापुढे अभिलाषा व्यक्त केली. राजीमतीने ठाम आणि स्पष्ट शब्दांत त्यांना नकार दिला. रथनेमींनी तो ऐकला. त्यांनी क्रोध केला नाही, तिला दोष दिला नाही, ‘तू एकटी येथे का आलीस’ असे विचारले नाही. ते आपल्या व्रतात पुन्हा स्थिर झाले. परंपरा सांगते, की दोघांनाही मोक्ष प्राप्त झाला. पाठशाळेत आपण राजीमतीच्या शीलाची महती सांगतो, ते योग्यच. पण आजच्या मुलग्यांना रथनेमींचीही कथा सांगायला हवी : नकार ऐकून मागे फिरण्यातही पुरुषार्थ आहे.

दुसरी ठेव कृत, कारित आणि अनुमोदित या विचाराची. स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि केल्याला दिलेली मान्यता, या तिन्हींनी कर्मबंध होतो, हे आपण लहानपणापासून ऐकतो. वर्गातील मुलीचे छायाचित्र एकाने गटावर टाकले, दुसऱ्याने त्याला टाकायला भरीस पाडले, तिसऱ्याने हसण्याचे चिन्ह उमटवले. आपल्या तत्त्वज्ञानानुसार तिसराही मोकळा नाही. अनुमोदनेचा इतका स्पष्ट अर्थ आजच्या मुलाला दुसऱ्या कोणत्या उदाहरणातून कळेल?

आणि अपरिग्रह! वस्तूंवरील मालकीभाव सोडण्याचा उपदेश ऐकणाऱ्या घरातील मुलगा एखाद्या मुलीविषयी ‘ती माझी आहे’ म्हणतो, तेव्हा त्याला सांगायला हवे, की जो जीव स्वतंत्र आहे तो कोणाच्याही परिग्रहात मोडत नाही.

व्यापाराची शिकवणही कमी मोलाची नाही. कापडाच्या दुकानात गादीवर बसलेला मुलगा ग्राहकापुढे पंचवीस साड्या उलगडतो. ग्राहक पाहतात, विचार करतात आणि काहीही न घेता उठतात. मुलगा घड्या घालत हसतमुखाने म्हणतो, ‘या पुन्हा.’ त्याच्या मनात अपमानाची भावना नसते, कारण घेणे न घेणे ही ग्राहकाची मर्जी, हे वडिलांनी त्याला शिकवलेले असते. जो मुलगा दिवसातून दहा वेळा नकार पचवतो, त्याला एका मुलीचा नकार पचवणे अशक्य का वाटावे? ती काही माल नव्हे आणि तो विक्रेता नव्हे; पण समोरच्याच्या मर्जीचा मान राखणे त्याला येते. तेवढेच त्याला आठवून द्यायचे आहे.

जेऊरसारख्या गावात काय करता येईल?

मोठ्या शहरांतील समुपदेशक आणि संस्था छोट्या गावांत सहज उपलब्ध नसतात. तरीही चातुर्मासात पाठशाळा भरते, महिला मंडळ आणि युवक मंडळ एकत्र येतात. त्याच काळात आठवड्याला एक याप्रमाणे चार बैठका सहज घेता येतील. पहिल्या दोन बैठकांत मुले आणि मुली स्वतंत्र बसावीत, तिसरी एकत्र असावी, चौथी पालकांसह व्हावी. गावातील डॉक्टर, शिक्षिका, वकील यांना बोलवावे. मुलांना नाव न लिहिता चिठ्ठीवर प्रश्न विचारू द्यावेत. कोणताही प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. आणि दार केवळ आपल्या समाजापुरते ठेवू नये. आपली मुले ज्या वर्गात बसतात, तो वर्ग सर्वांचा आहे. म्हणून गावातील विद्यालयाला सोबत घेतले तर उत्तम.

घरासाठी मात्र एकच नियम पुरे. मुलीने काही सांगितले, तर तिचे शिक्षण, तिचे फिरणे, तिचा मोबाइल यांपैकी काहीही शिक्षा म्हणून काढून घ्यायचे नाही. प्रथम म्हणावे, ‘सांगितलेस हे फार चांगले केलेस.’ मग शाळेकडे जावे, त्या मुलाच्या पालकांशी बोलावे, गरज पडल्यास १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर किंवा पोलिसांकडे जावे. आणि तक्रार आपल्याच मुलाविषयी आली, तर ‘आमचा मुलगा तसा नाही’ हे वाक्य क्षणभर गिळून त्याला जवळ बसवावे आणि पूर्ण ऐकून घ्यावे.

संवत्सरीला आपण सर्व जीवांची क्षमा मागतो. थोरांच्या पाया पडतो, दूरच्या नातलगांना संदेश पाठवतो. या वर्षी आपल्या घरातील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीसमोर हात जोडून म्हणावे, ‘तुझे कधी पूर्ण ऐकून घेतले नसेल, तर मिच्छामि दुक्कडम्.’ मुलगाही शेजारी उभा असू द्यावा. आदर म्हणजे काय, हे त्याला त्या दिवशी वडिलांकडून पाहायला मिळेल.