हजारो छायाचित्रांची नावे एकाच वेळी बदलणे : मोडी दप्तराच्या उदाहरणासह

या टिपणात शेकडो-हजारो छायाचित्रांच्या फाइलींची नावे एकाच वेळी कशी बदलावी आणि चूक झाल्यास ती पूर्ववत कशी करावी, ते पाहू. उदाहरण म्हणून मोडी कागदांचे दप्तर घेतले आहे, कारण तिथे नाव चुकले तर काय बिघडते हे स्पष्ट दिसते.

१. उदाहरण

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. गो. स. सरदेसाई यांनी त्यांतले निवडक कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत प्रसिद्ध केले. पण मोडी कागद फक्त पुण्यातच असतात असे नाही. जबलपूरचा मुलूख १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होता. समजा, सिहोऱ्यातील एखाद्या मराठी घरात जुने दप्तर निघाले. त्यात ४ रुमाल आणि १,२०० कागद आहेत. दोन विद्यार्थी दोन कॅमेऱ्यांनी प्रत्येक कागदाच्या दोन्ही बाजू टिपतात. एकूण फोटो २,४००.

विद्यार्थ्यांना मोडी येत नाही, त्यामुळे फोटोंची अदलाबदल झाली तर ती नुसते पाहून कळणार नाही. पत्राच्या पाठीवर ते केव्हा पोचले याची, म्हणजे पैवस्तीची, नोंद असू शकते. ही पाठ दुसऱ्याच पत्राला जोडली गेली, तर एका पत्राची तारीख दुसऱ्याला लागेल. कागद पुन्हा पेटीत गेल्यावर फोटो आणि कागद यांना जोडणारा दुवा उरतो तो फाइलीच्या नावाचाच.

२. कॅमेऱ्याने दिलेले नाव का पुरत नाही

बहुतेक कॅमेरे १९९८च्या एका जपानी मानकाप्रमाणे फाइलीला नाव देतात : चार अक्षरे आणि ०००१ ते ९९९९ यांतला चार अंकी क्रमांक. ९९९९ नंतर मोजणी पुन्हा ०००१ पासून सुरू होते. शिवाय एकाच बनावटीच्या दोन कॅमेऱ्यांत नेमके तेच नाव येऊ शकते. असे फोटो एका फोल्डरमध्ये ओतले, तर एक फाइल दुसरीवर जाऊन बसण्याचा धोका असतो. म्हणून प्रत्येक कॅमेऱ्याचे फोटो आधी वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवावे.

३. नावाचा आराखडा

आपल्या उदाहरणासाठी नाव असे ठरवू : सि-रु०३-०१४२-१. म्हणजे सिहोऱ्याचे दप्तर, रुमाल ३, कागद १४२, पुढची बाजू. यामागचे नियम असे :

(क) क्रमांक कागदाचा असावा, फोटोचा नसावा. १४३वा कागद टिपायचा राहिला, तर ती जागा रिकामी राहते आणि नंतर भरता येते. फोटोंना ओळीने क्रमांक दिले असतील, तर एका फोटोसाठी पुढचे सगळे क्रमांक सरकवावे लागतात.

(ख) क्रमांकाआधी शून्ये भरावी. अनेक प्रोग्राम नावांची तुलना एकेका अक्षराने करतात. त्यांच्या यादीत १ नंतर १० येतो आणि २ मागे पडतो. ०००१, ०००२, ००१० असे लिहिले की क्रम सगळीकडे सारखा राहतो.

(ग) बाजूसाठी शब्द न वापरता १ आणि २ वापरावे. ‘पाठ’ आणि ‘पुढे’ असे लिहिले, तर अक्षरक्रमाने पाठ आधी येते.

(घ) तारीख घालायची असल्यास वर्ष, महिना, दिवस या क्रमाने घालावी. तसे केले की अक्षरक्रम आणि काळाचा क्रम एकच होतो.

(च) नमुना इथे देवनागरीत दिला असला, तरी प्रत्यक्ष नावात साधी रोमन अक्षरे, इंग्रजी अंक आणि आडवी रेघ एवढेच वापरावे. ‘सिहोऱ्या’मधला ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकता येतो : ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात. संगणकाला ती दोन वेगळी नावे वाटतात आणि शोध घेताना निम्म्या फाइली सुटू शकतात. तसेच लिनक्सच्या प्रचलित फाइलव्यवस्थेत नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मात्रा आणि हलन्तसुद्धा, ३ बाइट घेते. ‘कागदपत्रे’ या एका शब्दाला २७ बाइट लागतात. मराठी वर्णन नावात न घालता यादीत लिहावे.

४. नाव बदलताना संगणक काय करतो

एकाच डिस्कवर नाव बदलले, तर फोटोतील माहितीला हात लागत नाही. फोल्डरच्या नोंदवहीतली एक ओळ बदलते. प्रत्येकी ४ एमबीचे २,४०० फोटो म्हणजे सुमारे ९.६ जीबी. त्यांची प्रत करायला बराच वेळ लागतो, नावे मात्र काही सेकंदांत बदलतात. चूकही तेवढ्याच वेगाने २,४०० ठिकाणी पसरते.

सर्वांत धोक्याची चूक म्हणजे नावांची टक्कर. समजा, १४३ चा १४४ आणि १४४ चा १४५ करायचा आहे. १४३ पासून सुरुवात केली, तर नवा १४४ जुन्या १४४ वर जाऊन बसतो. पायथनमधली नाव बदलण्याची साधी आज्ञा विंडोजवर अशा वेळी त्रुटी दाखवून थांबते. लिनक्सवर मात्र जुनी फाइल मुकाट्याने नाहीशी होते. उपाय दोन टप्प्यांचा आहे : आधी सगळ्या फाइलींना कुठेही न वापरलेली तात्पुरती नावे द्यावी, मग अंतिम नावे द्यावी.

५. कामाचा क्रम

१) फोटो काढताना प्रत्येक रुमालाच्या सुरुवातीला त्याचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी टिपावी.

२) दोन्ही कॅमेऱ्यांनी एकाच घड्याळाचा फोटो घ्यावा. फोटोत नोंदलेली टिपल्याची वेळ आणि घड्याळातली वेळ यांतला फरक काढला की दोन्ही कॅमेऱ्यांचे फोटो काळाच्या एकाच क्रमात लावता येतात. फाइल बदलल्याची तारीख यासाठी वापरू नये. फोटो फिरवून जतन केला तरी ती बदलते.

३) मूळ फोटोंची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवावी आणि काम प्रतीवर करावे.

४) स्प्रेडशीटमध्ये जुने नाव, नवे नाव आणि शेरा अशी तीन रकान्यांची यादी करावी. नव्या नावांत पुनरावृत्ती नाही ना, हे तपासावे.

५) आधी पाच फाइलींवर प्रयोग करावा, मग सगळ्यांवर.

६) शेवटी फाइलींची संख्या मोजावी. शक्य असल्यास प्रत्येक फाइलीची एसएचए-२५६ ही ठसासंख्या आधी आणि नंतर काढावी. नाव बदलल्याने ती बदलत नाही, म्हणून दोन्ही संच तंतोतंत जुळले पाहिजेत.

यादी उलट क्रमाने चालवली की जुनी नावे परत मिळतात. म्हणून ती फोटोंबरोबरच जपावी.

६. साधने

विंडोजमध्ये फाइली निवडून एफ-२ दाबल्यास सगळ्यांना एक नाव आणि कंसात क्रमांक मिळतो. पण त्यात शून्ये भरली जात नाहीत. पॉवरटॉइजमधील पॉवररीनेम बदल करण्याआधी नवी नावे दाखवते. मॅकच्या फाइंडरमध्ये ही सोय २०१४च्या योसेमिटी आवृत्तीपासून आहे. फोटो टिपल्याच्या वेळेवरून नावे द्यायची असतील, तर एक्झिफटूल हे विनामूल्य साधन उपयोगी पडते. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रांत मूळ वेळेची नोंद सहसा उरत नाही. म्हणून दप्तराचे फोटो केबलने किंवा कार्डावरूनच उतरवावे.

स्वाध्याय

१) क्रमांक खालून वर न बदलता वरून खाली, म्हणजे मोठ्याकडून लहानाकडे बदलत गेलो, तर सरकवण्यातली टक्कर टळेल का? अदलाबदलीच्या वेळी (१ चा २ आणि २ चा १) हा उपाय चालेल का?

२) एका कागदाला खाली दुसरा कागद चिकटवून पत्र लांबवलेले आहे आणि पुढच्या बाजूचे तीन फोटो काढावे लागले. वरच्या आराखड्यात कोणता बदल कराल?